ड्रिल प्रेसवर जॉब हाताने धरायचा की दर वेळी क्लॅम्प करायचा?

अर्धा_इंच

नमस्कार मंडळी. घरच्या कामांसाठी बेंच ड्रिल घेतलंय, अर्ध्या एचपीची मोटर, पट्टा बदलून पाच स्पीड, बिट धरणारा १३ मिमीचा चक. आतापर्यंत सगळं हँड ड्रिलवर चालायचं त्यामुळे भोक काटकोनात पडतं याचंच कौतुक संपत नाहीये अजून.

पण एक गोष्ट कळत नाही. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं असतं की जॉब, म्हणजे ज्यात भोक पाडायचं तो तुकडा, नेहमी क्लॅम्प करा, नेहमी म्हणजे नेहमी. आणि प्रत्यक्षात ज्यांना काम करताना बघतो त्यातले निम्मे लोक एका हाताने पट्टी दाबून धरतात, दुसऱ्या हाताने हँडल ओढतात आणि भोक पाडून मोकळे होतात. मला सध्या ५ मिमी जाड, ४० मिमी रुंद लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करायचेत, एकेकात चार भोकं, दोन ६ ची आणि दोन १० ची, असे तीसेक नग. दर भोकाला क्लॅम्प सोडा, सरकवा, परत आवळा असं करत बसलो तर महिना जाईल.

तर विचारायचं हे की कुठल्या साइजपर्यंत हाताने धरलेलं चालतं? मशीन व्हाइस, म्हणजे जॉब जबड्यात आवळून धरणारा शिकंजा, आहे पण तो टेबलाला बोल्ट करायलाच हवा का, की नुसता ठेवला तरी त्याच्या वजनाने भागतं? आणि पातळ पत्रा, गोल पाइप असल्या गोष्टी व्हाइसमध्ये धड बसतच नाहीत त्यांचं काय करता तुम्ही लोक?

घण_आणि_ऐरण

साइजचा आकडा मी देणार नाही, कारण तो आकडा मिळाला की लोक तेवढाच लक्षात ठेवतात आणि बाकीचं विसरतात. ३ मिमीचा बिट पितळेत अडकून तुकडा भिरकावतो आणि १२ चा बिट जाड लांब पट्टीत काही न होता आरपार जातो, दोन्ही होतं.

जॉब हातातून दोन तऱ्हांनी सुटतो आणि बहुतेक लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे तो बिटाबरोबर गरकन फिरतो. दुसरं म्हणजे तो टेबल सोडून बिटावर वर चढतो. फिरणं अडवायला आडवं काहीतरी लागतं, एखादी खुंटी, बोल्ट, मशीनचा खांब, काहीही, पण घट्ट. वर चढणं अडवायला वरून दाब लागतो. हाताने दाबून धरता तेव्हा तुम्ही दुसरं थोडंफार अडवता, पहिलं जवळजवळ नाहीच. त्यामुळे जॉब टेबलावर ठेवला की बिट लावायच्या आधी एवढंच बघायचं: हा फिरला तर कशावर आपटून थांबेल? उत्तर जर 'माझ्या हातावर' असेल तर चालू करू नका, बिट कितीचाही असो.

आता फिरण्याची दिशा. मशीनसमोर उभे राहून वरून बघा, चक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे बिटाच्या डावीकडचा जॉबचा भाग तुमच्यापासून लांब, मागे खांबाकडे पळू बघतो आणि उजवीकडचा भाग तुमच्या पोटाकडे येतो. म्हणून लांब जॉबचं लांब टोक कायम डाव्या हाताला ठेवायचं आणि खांबाच्या डाव्या अंगाला आधीच टेकवून ठेवायचं. आधीच टेकवलेलं पाहिजे हे महत्त्वाचं, मध्ये चार बोटं फट ठेवली तर तेवढ्या फटीत तो वेग घेतो आणि मग आपटतो, बिट तरी मोडतो नाहीतर भोक तरी वाकडं होतं. व्हाइसचंही तेच, व्हाइसचं हँडल किंवा बूड खांबाला टेकलेलं असू द्या.

आणि हे सगळं होतं कधी, तर शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला. वरून खाली जाताना बिट कापत असतो, तुमचा जोर त्याला विरोध करणाऱ्या धातूवर पडतो. तळाला पातळ पापुद्रा राहिला की तो फाटतो, विरोध एकदम नाहीसा होतो, तुमचा हात जोरात असतोच, बिट झपकन खाली जातो आणि बिटाची नागमोडी खाच त्या फाटलेल्या कडेत अडकते. तिथून पुढे बिट कापत नाही, स्क्रूसारखा आत घुसतो. म्हणजे जॉब वर खेचला जातो. म्हणून आवाज बदलला, खालून चुरा दिसायला लागला की हँडलवरचा जोर जवळजवळ काढून घ्यायचा. आणि मशीनला खोलीचा स्टॉप असेल, म्हणजे ती आटे असलेली दांडी आणि नट, तो लावून ठेवायचा, भोक आरपार झालं की २ मिमी पुढे थांबेल असा. स्वतःहून आत ओढलं जाणं त्याने बरंच अडतं.

तुमच्या ब्रॅकेटसाठी क्लॅम्प सोडा आवळा करायची गरजच नाही, त्याचं नंतर लिहितो. आत्ता जेवायची वेळ झाली.

सरळ_रेषा

घणभाऊंच्या बोलण्याला जरा हिशोबाची जोड देतो, कारण 'हाताने धरलं तर काय होतंय' म्हणणाऱ्याला आकडा दाखवला की पटतं.

अर्धा एचपी म्हणजे साधारण ३७३ वॅट. चक ४०० आरपीएमवर फिरत असेल तर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, निघतो साधारण ९ न्यूटन मीटर. बिट अडकला की हा सगळा टॉर्क जॉबला मिळतो. तुम्ही जॉब बिटाच्या केंद्रापासून ३० सेंमीवर धरला असेल तर तुमच्या हातावर येतात फक्त ३ किलो, आरामात धराल. १० सेंमीवर धरलात तर ९ किलो. आणि बोटभर तुकडा असेल, २.५ सेंमीवर चिमटीत धरलेला, तर ३६ किलो. चिमटीत ३६ किलो कोण धरणार? आणि हे फक्त मोटरच्या नेहमीच्या जोराचं झालं, अडकताना इंडक्शन मोटर क्षणभर याच्या दुप्पटही लावते, शिवाय पुल्या आणि चक फिरतायत त्यांचा साठलेला जोर वेगळा.

यातून दोन गोष्टी दिसतात ज्या आपल्या अंदाजाच्या बरोब्बर उलट आहेत. छोटा जॉब मोठ्यापेक्षा जास्त धोक्याचा. आणि कमी स्पीड म्हणजे सुरक्षित असं नाही, पट्टा १४०० वरून ४०० वर आणलात की तोच मोटर साडेतीन पट टॉर्क देतो. मोठा बिट आपण कमी स्पीडवरच चालवतो, चालवायलाच पाहिजे, १० मिमीच्या हायस्पीड बिटाला माइल्ड स्टीलमध्ये ८०० च्या आसपास बरा, ६ ला १३०० च्या आसपास, २० असता तर ४००. म्हणजे बिट मोठा होत जातो तसा मशीनचा जोरही वाढत जातो आणि हात तोच राहतो.

पट्टा थोडा सैल ठेवला तर अडकल्यावर घसरतो, काही लोक मुद्दाम तसा ठेवतात. त्यावर भरवसा ठेवू नका एवढंच.

मोकळा_व्हाइस

माझं मत वेगळं आहे आणि मला शिव्या पडणार हे माहीत आहे तरी लिहितो. व्हाइस टेबलाला कायमचा जखडणं हा भोक बिघडवायचा उत्तम मार्ग आहे. पंच केलेल्या खुणेवर बिट आणला, थोडासा जरी बाजूला असेल आणि व्हाइस पक्का बोल्ट केलेला असेल तर बिट वाकतो, खूण सोडून सरकतो, भोक १० चं १०.३ होतं. व्हाइस सुटा असेल तर बिट स्वतःच खूण शोधतो, व्हाइस बारीकसा सरकतो आणि भोक बरोबर जागी पडतं. जुने फिटर व्हाइस सुटाच ठेवतात ते काय आळशी म्हणून नाही.

घण_आणि_ऐरण

@मोकळा_व्हाइस शिव्या कशाला, बरोबरच बोलताय, फक्त अर्धं बोललात. सुटा व्हाइस चालतो पण मोकाट नाही. टेबलाच्या खाचेत एक जाड बोल्ट उभा करायचा, नट आवळून पक्का, आणि व्हाइसची डावी मागची बाजू त्याला टेकवायची. आता व्हाइस मिलिमीटरभर इकडे तिकडे सरकू शकतो, बिटाला खूण सापडते, पण फिरू शकत नाही. फिरणं अडलं. वर चढणं व्हाइसच्या वजनाने अडतं, म्हणजे व्हाइस जड असेल तर. बाजारात मिळणारे हलके पातळ व्हाइस यात धरू नका, ते जॉबसकट उचलले जातात.

माझी पद्धत सांगतो. साधारण ८-९ मिमीपर्यंत, स्टीलमध्ये, जड व्हाइस, बोल्टला टेकवलेला, वरून सुटा. त्याच्या वर गेलो, किंवा भोक मोठं करतोय, किंवा पितळ, किंवा होल सॉ (मोठं भोक कापणारी गोल करवत), की आधी चक फिरवून बिट खुणेवर बसवायचा आणि मग व्हाइस दोन बोल्टने जखडायचा. बोल्ट समोरासमोरच्या कोपऱ्यात तिरपे, दोन्ही एकाच बाजूला नाही. बघा, आकडा देणार नाही म्हणालो होतो आणि दिलाच.

भोक मोठं करण्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथे लोकांना वाटतं की पायलट, म्हणजे आधीचं बारीक भोक, मारलाय म्हणजे आता सोपं. ८ चं भोक १० चं करताना बिटाचं टोक हवेतच असतं, फक्त बाहेरच्या कडा कापतात, त्यांना खाली ढकलायला जोर लागतच नाही, बिट आपणहून खेचून घेतो. त्यामुळे पायलट बारीक ठेवा, मोठ्या बिटाच्या टोकाला जी आडवी बोथट रेघ असते ना तेवढाच किंवा किंचित जास्त. १० च्या बिटाला २ ते ३ मिमीचा पायलट पुरतो. ६ नंतर ८ नंतर १० असं पायऱ्या पायऱ्यांनी जाणं पातळ मालात सगळ्यात जास्त अडकतं.

लाकूडवेडी

लोखंडवाल्यांनी धागा ताब्यात घेतला म्हणून लाकडाकडून हजेरी लावते. लाकडात लोक जास्तच बिनधास्त असतात कारण ६-८ चा बिट लाकडात सहसा अडकत नाही, खालीही लाकूड वरही लाकूड, हाताने धरलं तरी निभतं. पण फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं मोठं भोक पाडणारा) ३५ चा लावलात किंवा होल सॉ लावलात की खेळ बदलतो. गाठ लागली की बाहेरची कड पकडते आणि ती कड केंद्रापासून लांब असते. तिथे क्लॅम्प म्हणजे क्लॅम्प, चर्चा नाही. फ्लाय कटर म्हणजे ती एका दांडीवर पातं असलेली भानगड असेल तर क्लॅम्प करा, सगळ्यात कमी स्पीड लावा आणि हात टेबलाच्या जवळही आणू नका, फिरताना ती दांडी डोळ्याला दिसतच नाही.

मी मशीनच्या टेबलावर १८ मिमी प्लायचं मोठं टेबल बोल्ट केलंय आणि मागे एक सरळ पट्टी, फेन्स म्हणू. फेन्स असली की फिरण्याचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण डावीकडचा भाग मागे जाऊ बघतो आणि मागे फेन्स आहे. एक बारकावा, फेन्सच्या खालच्या कडेला ३-४ मिमीची खाच मारून घ्या, भुसा आणि चुरा त्यात जातो, नाहीतर जॉब फेन्सला टेकलाय असं वाटतं आणि मध्ये चुऱ्याचा थर असतो, दहावं भोक अर्धा मिमी पुढे पडतं.

गोल चकत्या असतील तर प्लायच्या तुकड्यात ९० अंशाची व्ही आकाराची खाच कापा, तो तुकडा टेबलाला क्लॅम्प करा, चकती खाचेत ढकलून वरून क्लॅम्प. गोळ्यासाठी, म्हणजे लाकडी मणी किंवा नॉब वगैरे, दोन फळ्यांमध्ये गोळ्यापेक्षा जरा लहान भोकं पाडायची, गोळा मध्ये धरून दोन्ही फळ्या एकमेकींवर आवळायच्या. वरच्या भोकातून बिट जातो.

अर्धा_इंच

अरे वा, एवढ्या लवकर एवढं. ३६ किलोवाला हिशोब वाचून काल मी ज्या चिमटीत पट्टीचा तुकडा धरला होता ती चिमटी बघत बसलो थोडा वेळ.

पाइप आणि पत्रा अजून राहिलंय. २५ मिमी बाहेरचा व्यास असलेला पाइप आहे, मधोमध आडवं ८ चं भोक. आणि १ मिमी पत्र्यात १२ चं भोक, त्याचं भोक गोल पडतच नाही, तिकोनी पडतं, ते धरण्यामुळे का बिटामुळे?

कुसळ

मी तर पत्रा धरायला धाकट्या भावाला उभा करतो, दोन माणसं चार हात, प्रश्न मिटला

लाकूडवेडी

@कुसळ गंमत असेल तर ठीक, नसेल तर प्लीज करू नका हे. धरणारा एक आणि हँडलवर दुसरा, म्हणजे धरणाऱ्याला बिट कधी आरपार जाणार हे कळत नाही आणि हँडलवाल्याला त्याची बोटं कुठे आहेत ते दिसत नाही. मशीनवर एकच माणूस, स्विचही त्याच्याच हाताशी.

पत्रेवाला

१ मिमीचा पत्रा आला म्हणजे आमचा विषय.

तिकोनी भोक दोन्हीमुळे. साध्या बिटाचं टोक ११८ अंशाचं असतं, अशा टोकाची उंची बिटाच्या व्यासाच्या ०.३ पट असते, म्हणजे १२ च्या बिटाला साधारण ३.६ मिमी टोक. पत्रा १ मिमी. म्हणजे टोक पार खाली निघून गेलं तरी बिटाची पूर्ण रुंदी अजून पत्र्याला लागलेलीही नसते, बिटाला मध्ये धरून ठेवणारं काहीच उरत नाही, तो नाचतो आणि दोन धारांचा बिट नाचला की भोक तिकोनी होतं. त्याच वेळी पत्रा वर चढतो. आणि १ मिमीचा पत्रा फिरायला लागला की तो पातंच, त्याच्याजवळ कुणाचाही हात नको.

उपाय असा की टोकाला खाली धरायला काहीतरी द्या. पत्र्याखाली सपाट प्लाय किंवा एमडीएफ, त्यावर पत्रा, पत्र्यावर अजून एक पातळ प्लाय, आणि तिन्ही मिळून भोकाच्या दोन्ही बाजूंना जवळ क्लॅम्प करा. जवळ म्हणजे ४-५ सेंमीत, टोकाला क्लॅम्प लावले तर मध्ये पत्रा फुगतोच. वरच्या प्लायमधून जाताना बिट आधीच पूर्ण रुंदीने बसलेला असतो त्यामुळे नाचत नाही. भोक गोल, बर (भोकाच्या कडेला उरणारी धारदार कड) कमी. नग जास्त असतील तर सगळे पत्रे थप्पी लावून एकदम मारा. मोठ्या साइजला पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा स्टेप ड्रिल मिळतो, पत्र्यासाठी तो साध्या बिटापेक्षा कितीतरी बरा, पण त्यानेही पत्रा धरायचाच असतो, तो काही जादू नाही.

क्लॅम्पला जागा नसेल, पत्रा मोठा असेल, तर खालच्या फळीवर पत्र्याच्या कडेला दोन स्क्रू मारा, एक डावीकडे मागे आणि एक उजवीकडे पुढे. पत्रा फिरायला गेला की दोन्हीला एकदम लागतो. आणि ती फळी टेबलाला क्लॅम्प केलेली पाहिजे, नाहीतर स्क्रू, पत्रा, फळी सगळं एकत्र फिरतं.

पाइपचं घणभाऊ सांगतील, मला पाइप आवडत नाहीत.

घण_आणि_ऐरण

पाइप व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात. व्ही-ब्लॉक नसेल तर लाकडाच्या ठोकळ्यात खाच कापा, चालतं. ब्लॉक टेबलाला पक्का आणि पाइप ब्लॉकला पक्का, दोन वेगळे क्लॅम्प, एकावर दोन्हीची जबाबदारी टाकू नका. पातळ पाइप असेल तर आत बरोबर मापाचा लाकडी दांडा सरकवा म्हणजे क्लॅम्पने चेपणार नाही आणि बिट आतल्या बाजूने दुसऱ्या भिंतीवर आपटून घसरणार नाही.

मध्य शोधायची युक्ती: मशीन बंद, चकमध्ये टोकदार काहीतरी, पाइपच्या माथ्यावर १५ सेंमीची स्टीलची पातळ पट्टी आडवी ठेवा, बिट हलकेच खाली आणून पट्टी पाइप आणि टोकाच्या मध्ये अलगद पकडा. पट्टी आडवी सपाट राहिली तर बिट बरोब्बर माथ्यावर आहे. एका बाजूला कलली तर ज्या बाजूला खाली गेलीय त्या बाजूला पाइप, ब्लॉकसकट, किंचित सरकवा आणि परत बघा. डोळ्याला अर्ध्या अंशाचा कलसुद्धा कळतो. मग आखूड सेंटर ड्रिलने सुरुवात करा, लांब बिट गोल पृष्ठभागावरून हमखास घसरतो.

आणि पट्टी-क्लॅम्प वापरणार असाल, म्हणजे टेबलाच्या खाचेत बसणारा टी-बोल्ट, वर चपटी पट्टी आणि मागे पॅकिंगचा ठोकळा, तर बोल्ट जॉबच्या जवळ घ्या, पॅकिंगच्या जवळ नाही. जॉब आणि पॅकिंगमध्ये ९ सेंमी अंतर धरा. बोल्ट जॉबपासून ३ सेंमीवर असेल तर बोल्टच्या ताकदीतला दोन तृतीयांश भाग जॉबवर पडतो. ६ सेंमीवर नेलात तर एक तृतीयांश, बाकी सगळा तुम्ही पॅकिंगला दाबताय, ते बिचारं कुठेही पळणार नव्हतं. पॅकिंग जॉबच्या उंचीचं किंवा केसभर उंच, कधीही ठेंगणं नाही, ठेंगणं असलं की पट्टी जॉबच्या फक्त कडेवर टेकते आणि जॉब बाहेर ढकलला जातो.

पितळेचं कुणी विचारलं नाही पण मीच दोनदा उल्लेख केलाय म्हणून, पितळ आणि ॲक्रिलिक दोन्ही बिटाला आत खेचतात, कारण बिटाची धार त्यांच्यासाठी फार उतरती असते. बारीक धारेच्या दगडाने दोन्ही कापणाऱ्या कडांवर अगदी बारीकसा उभा सपाट पट्टा काढायचा, नखाच्या कडेएवढा सुद्धा नाही. मग बिट खेचत नाही, खरवडतो. असा बिट वेगळा ठेवा, स्टीलला तो चालणार नाही.

सरळ_रेषा

अगदी छोट्या तुकड्यांचं राहिलं. नखाएवढी चकती किंवा वॉशर कशातच धरता येत नाही, तो लाकडाच्या मोठ्या तुकड्यावर सुपरग्लूने चिकटवा आणि लाकूड क्लॅम्प करा. झाल्यावर थोडी उष्णता दिली की ग्लू सोडतो, नाहीतर ॲसिटोनमध्ये टाकून ठेवा. ॲसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा दोन्ही एकत्र नको. लॉकिंग प्लायरमध्ये धरलेला तुकडा हातात धरलेल्यापेक्षा बरा, पण प्लायरचा लांब दांडाही डावीकडे आणि खांबाला टेकवलेलाच हवा. साध्या पक्कडीत धरून करणारे मी पाहिलेत, पक्कड सुटते.

आणि एवढं सगळं करूनही जॉब सुटून बिटाबरोबर फिरायला लागलाच तर त्याला पकडायला जायचं नाही. हात मागे, स्वतः मागे, स्विच बंद. यासाठी स्विच फिरत्या जॉबच्या पलीकडे नको, मशीन बसवतानाच हात कुठून जाणार ते बघा, पायाने बंद होणारा स्विच लावता आला तर उत्तम. थांबल्यावर प्लग काढा आणि चक हाताने उलटा फिरवून बिट सोडवा.

हातमोजे घालून ड्रिल प्रेसवर काम करायचं नाही, पत्रा धारदार असला तरी नाही. बिटाला मोज्याचा एक धागा मिळाला तरी तो हातासकट गुंडाळतो. लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातल्या दोऱ्या, अंगठ्या, सगळं त्यातच आलं. चष्मा मात्र हवाच. लांब वेटोळ्यांचा चुरा निघत असेल तर मध्येमध्ये जोर सोडून तो तोडत जा, आणि साफ करायचा तो ब्रशने, मशीन थांबल्यावर.

अर्धा_इंच

खूप आभार सगळ्यांचे. तर तीस ब्रॅकेटसाठी माझ्या डोक्यात असं आलंय: १८ मिमी प्लायचा तळ टेबलाला दोन टी-बोल्टने पक्का, मागे लोखंडी अँगलची फेन्स खाली खाच ठेवून, उजव्या टोकाला एक स्टॉप म्हणजे पट्टी दर वेळी तिथेच टेकेल, आणि वरून एक टॉगल क्लॅम्प, खटकन लावला खटकन सोडला. आधी सगळ्या पट्ट्यांचं एक नंबरचं भोक मारायचं, मग स्टॉप सरकवून दोन नंबरचं. बरोबर आहे का?

घण_आणि_ऐरण

हेच नंतर लिहितो म्हणालो होतो, तुम्हीच लिहिलंत. दोन दुरुस्त्या.

स्टॉप उजवीकडे ठेवलात तर चालेल, पण मग बिटाच्या डावीकडे पट्टीचा मोठा भाग राहील असं बघा, फेन्सवर जोर डावीकडचा भागच देतो. ज्या भोकाला डावीकडे पट्टी उरतच नाही, म्हणजे अगदी डाव्या टोकाचं, ते पट्टी उलटी फिरवून मारा. आणि तरीही उजव्या टोकाला पुढच्या बाजूने एक स्क्रू मारून ठेवा, पट्टी तुमच्याकडे यायला निघाली तर तिथे अडेल.

दुसरं, टॉगल क्लॅम्प एका टोकाला लावू नका, भोकाला जितका जवळ जाईल तितका, चकच्या आड येणार नाही एवढं बघून. ५ मिमी पट्टीला साधा मध्यम साइजचा टॉगल पुरतो पण तो प्लायला लाकडी स्क्रूने बसवू नका, आरपार बोल्ट घाला. १० चं भोक आरपार जाताना वरचा सगळा ओढा त्याच चार स्क्रूंवर येतो.

मोकळा_व्हाइस

आणि ६ ची सगळी भोकं आधी संपवा मग १० ची, पट्टा एकदाच बदलावा लागेल.

अर्धा_इंच

लक्षात आलं. तळाच्या प्लायला बिट जिथे आरपार येतो तिथे खड्डा होत जाईल ना, दहा-पंधरा पट्ट्यांनंतर पट्टीखाली आधारच उरणार नाही असं वाटतंय.

पत्रेवाला

बरोबर वाटतंय तुम्हाला. खोलीचा स्टॉप लावलात तर एकच भोक पडून राहील, मोठं होणार नाही, ५ मिमीच्या पट्टीला तेवढं चालतं, खाली बर थोडी जास्त येईल इतकंच. बर नको असेल तर तळावर ६ मिमी एमडीएफची सुटी पट्टी सरकवून घ्या आणि दर काही नगांनंतर दोन सेंमी पुढे ढकला. बर आली तर पट्टी उलटून पुढचं भोक मारायच्या आधी ती कानसीने काढा, नाहीतर पट्टी डुगडुगते आणि टॉगल आवळलेला असूनही सैल राहतो. आणि टेबल वरखाली करायचा जो लॉक असतो ना खांबाच्या मागे, तो आवळलाय का ते सुरुवातीला एकदा बघा, टॉगलवर लक्ष असताना तो हमखास राहतो.